मुंबई विमानतळावरून व्हीलचेअर आणि दहा माणसांसकट घरापर्यंत

आमच्याकडे बाहेरगावच्या माणसांचा राबता असतो. कुणी परळच्या टाटाला तपासणीसाठी येतं, कुणी लग्नाला, कुणी लेकाकडे अमेरिकेत सहा महिने राहून परत येतं. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिची व्हीलचेअरही या सगळ्यात असतेच. सहारच्या विमानतळावर इतक्या खेपा घातल्यावर एक गोष्ट कळली आहे. विमानात फारसा त्रास होत नाही, रस्त्यावरही होत नाही. घोळ होतो तो माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना: विमानाच्या दारातून खुर्चीत, खुर्चीतून गाडीच्या सीटवर, गाडीतून बिल्डिंगच्या पायऱ्यांशी. या तीन जागा आधी डोळ्यांसमोर आणल्या की बाकीचं आपोआप जमतं. पहिल्यांदाच मुंबईत उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय, म्हणून अगदी तिकिटापासून सुरुवात करतो.

तिकीट काढतानाच

आधी विमानतळ कोणता ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. तो उलव्याच्या बाजूला, पनवेलजवळ. पनवेल, खारघर, बेलापूरला जायचं असेल तर उत्तमच. पण बोरिवलीला जाणाऱ्याने स्वस्त तिकीट बघून तिथे उतरायचं ठरवलं, तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात जातील. मुंबईच्या जुन्या विमानतळावरही दोन टर्मिनल आहेत. टी-१ विलेपार्ल्याच्या अंगाला, टी-२ सहारला. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वर येतात, देशांतर्गत मात्र विमान कंपनीप्रमाणे दोन्हीकडे. न्यायला येणारा माणूस चुकीच्या टर्मिनलवर उभा आहे आणि इकडे आजी खुर्चीत बसून वाट बघतेय, हा प्रसंग आमच्याच घरात दोनदा घडलाय. त्यामुळे व्हॉट्सॲपवर ‘विमानतळावर भेटू’ लिहू नका. टर्मिनलचा नंबर लिहा.

व्हीलचेअर देणं हे विमान कंपनीचं काम आहे, विमानतळाचं नाही. त्यामुळे मागणी कंपनीकडेच करायची, तीही निदान ४८ तास आधी. मागताना नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणू नका, कारण त्यात तीन प्रकार असतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे माणूस जिना चढतो, पण लांब चालवत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिना जमत नाही, विमानातल्या विमानात चार पावलं टाकता येतात. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं, आणि त्यासाठी विमानाच्या अरुंद बोळातून जाणारी वेगळी खुर्ची लागते. फरक कळतो तो विमान टर्मिनलला जोडणाऱ्या पुलाला (एरोब्रिजला) न लागता लांब मैदानात उभं राहिलं की. तेव्हा जिना न उतरणाऱ्या माणसासाठी उचलणारी गाडी, म्हणजे अँब्युलिफ्ट, लागते. ‘आर’ लिहिलेल्यासाठी ती येईलच असं नाही. चारचौघांत बरं दिसावं म्हणून वडील ‘अरे, मी उतरतो की’ म्हणतात, त्यांच्या नादी लागू नका.

घरातली दोन्ही म्हातारी माणसं येत असतील तर दोन खुर्च्या मागा, एकीवर भागवू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका प्रवाशाच्या बाबतीत हेच झालं. नवरा-बायकोला मिळून एकच खुर्ची मिळाली, बायको खुर्चीत बसली, ते मागून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, त्या विमान कंपनीला ३० लाखांचा दंड केला. एक खुर्ची आली आणि दुसरी यायची असेल, तर दोघांनीही बसून राहायचं. उशीर झाला तर झाला.

स्वतःची खुर्ची नेत असाल तर चेक-इनला ‘विमानाच्या दाराशी परत पाहिजे’ असं सांगून तशी चिठ्ठी लावून घ्या. तरी ती कधी कधी सामानाच्या पट्ट्यावर येतेच. पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, सुटे होत असतील तर काढून हातातल्या बॅगेत घ्या, गादीही घ्या. सुटतं तेवढंच हरवतं.

गाडी ठरवताना सीट मोजू नका, डिकी बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

एकदा मी सहा माणसं आणि एका खुर्चीसाठी ‘सहा सीटर’ गाडी बोलावली. गाडी आली, माणसं मावली. डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. खुर्ची शेवटी मामेभावाच्या मांडीवर आडवी ठेवली आणि तो सहारपासून डोंबिवलीपर्यंत चाकाच्या आरीतून बाहेर बघत आला. अजून प्रत्येक लग्नात ते ऐकवतो.

मुंबईतल्या भाड्याच्या बहुतेक गाड्या सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. घडी घातलेली साधी व्हीलचेअर साधारण फूटभर जाड, पण तीन फूट लांब-उंच असते. टाकीवर ती जेमतेम आडवी राहते आणि मग बॅगांना जागा उरत नाही. एर्टिगासारख्या गाडीत तिसरी रांग उघडली की टाकी असो-नसो, मागे हातभर फटच राहते. म्हणून हिशोब असा करायचा: जितकी सीटं कागदावर, त्यातून खुर्चीसाठी दोन वजा, आणि दर दोन मोठ्या बॅगांमागे आणखी एक वजा. सात सीटर गाडीत खुर्ची, चार माणसं आणि बेताचं सामान, एवढंच धरा. डिझेलवरची इनोव्हा मिळाली तर टाकीचा प्रश्न मिटतो. बुकिंग करताना फोनवर विचारायचा प्रश्न एकच: “दादा, डिकीत टाकी आहे का?”

दहा-बारा माणसं असली की लोक टेम्पो ट्रॅव्हलर सांगतात. वऱ्हाडासाठी ती झकास गाडी आहे. खुर्चीतल्या माणसासाठी नाही. तिची पहिली पायरी चांगलीच उंच, आत वळायला जागा नाही, आणि दोघांनी उचलायचं म्हटलं तर दारात एकच माणूस मावतो. आम्ही आता सरळ दोन गाड्या करतो. वऱ्हाड आणि बॅगा ट्रॅव्हलरमध्ये; आई, तिची खुर्ची आणि सोबतची दोन माणसं वेगळ्या साध्या गाडीत. खर्च थोडा वाढतो, पण आईला चढवायला लागणारी वीस मिनिटं बाकीचे आठ जण घड्याळ बघत बसत नाहीत, आणि आईलाही आपल्यामुळे सगळे खोळंबलेत असं वाटत नाही. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे.

या छोट्या गाडीसाठी उंचीही बघा. लांबलचक सेडान दिसायला ऐटबाज, पण सीट इतकी खाली की गुडघे दुखणारा माणूस बसतो आणि उठत नाही. इनोव्हाची सीट बुटक्या माणसाला उंच पडते. वॅगन-आरसारखी डबा गाडी मधल्या उंचीची, खुर्चीतून जवळपास सरळ सरकता येते. म्हणजे ज्या गाडीला कुणी भाव देत नाही तीच इथे कामाची.

काळी-पिवळी टॅक्सी विमानतळाच्या आतल्या प्रीपेड खिडकीवर मिळते. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण २० रुपये ६६ पैसे असा मीटरचा दर आहे. रात्री बारा ते पाच सव्वापट. प्रीपेडचा आकडा मीटरपेक्षा चढा असतो, पण रात्री दोनला हुज्जत घालावी लागत नाही. हिचा एक फायदा ॲपवाल्या गाडीत नाही: टपावरचं कॅरिअर. खुर्ची वर बांधता येते. पावसाळ्यात गादी खाली काढून घ्या, दोरी चाकांतून न ओवता चौकटीतून ओवा आणि गाठ स्वतः ओढून बघा.

खुर्चीतून उठताच न येणाऱ्यांसाठी, मागच्या दाराला रॅम्प किंवा लिफ्ट असलेल्या गाड्याही मुंबईत भाड्याने मिळतात. माणूस खुर्चीसकट आत जातो. त्या थोड्याच आहेत, आयत्या वेळी हाताला लागत नाहीत, त्यामुळे तिकीट काढलं त्याच दिवशी ठरवा. खुर्ची आत बांधायचे पट्टे आहेत का आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यावर किती जागा उरते, हे दोन प्रश्न विचारायला विसरू नका. रिक्षाचं म्हणाल तर खुर्चीसाठी ती नाहीच, आणि वांद्रे-सायनच्या पुढे दक्षिणेला रिक्षा चालतही नाही. नागपूरहून येणारे पाहुणे दरवेळी विचारतात म्हणून सांगितलं.

विमान उतरल्यावर

खुर्चीवाल्या प्रवाशाला विमानात बहुधा सगळ्यात आधी बसवतात आणि सगळ्यात शेवटी उतरवतात. म्हणजे बाकीची मंडळी वीस-पंचवीस मिनिटं पुढे निघून जातात. ही वेळ धरूनच माणसं वाटा. एक जण खुर्चीसोबत थांबेल, आणि रुग्णाचे कागद, पासपोर्ट, औषधं त्याच्याकडे. दोन जण सरळ पट्ट्यावर जाऊन सामान उतरवतील. पोरं आणि बाकीचे एका खांबाशी बसतील आणि तिथून हलणार नाहीत. गटात निदान दोघांकडे चालू भारतीय मोबाइल नंबर हवा, कारण गाडीवाल्याचा फोनही त्यावर येणार आणि ॲपचा ओटीपीही.

टी-२ प्रचंड मोठं आहे. खुर्ची ढकलणारा मुलगा कधी कधी मध्येच एका ठिकाणी चार-पाच खुर्च्या रांगेत लावतो, “दोन मिनिटांत आलो” म्हणतो आणि दुसराच माणूस येऊन पुढे नेतो. घाबरू नका, पद्धतच आहे. पण आपला माणूस खुर्ची सोडून चहा आणायला गेला की चुकामूक झालीच समजा. परदेशातून येताना इमिग्रेशनला व्हीलचेअरची रांग वेगळी असते आणि सोबतच्या एकालाही सहसा त्याच रांगेतून सोडतात. एकाला, अख्ख्या खानदानाला नाही.

स्वतःची खुर्ची हातात आली की तिथल्या तिथे उघडून बघा. दोन्ही ब्रेक लागतात का, चाक डगमगतं का, पायटे जागेवर बसतात का. काही मोडलं असेल तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार करून प्रत घ्या, फोटो काढा. बाहेर पडल्यावर कुणी विचारत नाही.

आणि आतच असताना बाथरूमला जाऊन या. खुर्ची आत जाईल असं, दांड्या लावलेलं स्वच्छतागृह टर्मिनलमध्ये आहे. तसं पुढे घरापर्यंत मिळेलच असं नाही. संध्याकाळी ठाण्याला पोचायला दोन तास लागू शकतात. म्हातारी माणसं संकोचाने “मला नाही लागली” म्हणतात. तरीही न्या.

गाडी बोलवायची घाई नको. विमान टेकलं की लोक उत्साहाने ॲपवर गाडी सांगतात, मग सामान येत नाही, गाडीवाला वाट बघून निघून जातो आणि रद्द केल्याचे पैसे कापले जातात. सगळ्या बॅगा ट्रॉलीवर, सगळी माणसं एकत्र आणि खुर्ची दारातून बाहेर, तेव्हाच गाडी बोलवा. घरची गाडी न्यायला येत असेल तरी ड्रायव्हरला वाहनतळाच्या बहुमजली इमारतीत थांबू द्या. दारासमोरच्या मार्गिकेत फार वेळ उभं राहू देत नाहीत, आणि शिट्ट्या ऐकत आईला गाडीत बसवणं म्हणजे शिक्षा आहे. वाहनतळात सावकाश बसवता येतं. ॲपच्या गाड्याही टी-२ ला त्याच इमारतीत येतात. मजला आणि खांबाचा नंबर फोनवर दिसतो, तो मोठ्याने वाचून दाखवा. विमान कंपनीचा मदतनीस गाडीपर्यंत सोडायला येतो. त्याला दारातच “चला, आम्ही नेतो” म्हणून मोकळं करू नका, कारण लिफ्ट कुठे आहे ते त्याला माहीत असतं.

गाडीत बसवणं

हे एकदा घरी करून बघा, खरंच. पहिल्यांदाच विमानतळावर करायला जाल तर चार नातेवाईक चार बाजूंनी ओढतील.

पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट घ्या. ती मागे सरकते आणि दार जास्त उघडतं. सीट पूर्ण मागे, पाठ थोडी आडवी. गाडी फुटपाथला खेटून उभी असेल तर ड्रायव्हरला दोन-तीन फूट लांब घ्यायला सांगा, म्हणजे खुर्ची आणि गाडी दोन्ही एकाच पातळीवर रस्त्यावर येतील. खुर्ची सीटला थोडी तिरकी लावा. अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल तर धड बाजू गाडीकडे. दोन्ही ब्रेक लावा, पायटे वर करा. पायटे विसरले की पोटरीला कापतंच.

मग बसणाऱ्याने पुढे सरकून उभं राहायचं, वळायचं आणि आधी बूड टेकायचं. डोकं सांभाळायला एकाने हात चौकटीवर धरावा. पाय शेवटी, एकेक करून आत. धरायचं ते कमरेला. काखेत हात घालून उपसायचं नाही, खांदा निखळतो. आईच्या कमरेला आम्ही एक रुंद पट्टा बांधतो आणि तो धरून उठवतो.

आईची सुती साडी सीटच्या कापडाला चिकटायची, ती अर्धवट वळून तशीच अडकायची. शेजारच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने युक्ती सांगितली: साड्यांच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी सीटवर पसरा. त्यावर बसलं की माणूस लोण्यासारखा फिरतो. पण बसवून झालं की पिशवी ओढून काढायची, नाहीतर पहिल्याच ब्रेकला आई पुढे घसरेल. गाडी उंच असेल तर घरातला लाकडी पाट कामाला येतो. आमच्या डिकीत एक कायम असतो. सत्यनारायणाला शोधाशोध होते तेव्हा तो तिथेच सापडतो.

मेट्रो कुणासाठी

भूमिगत मेट्रो-३ आरेपासून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलजवळ एकेक स्थानक. लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, फलाटावर काचेची दारं आहेत. तिकीट जास्तीत जास्त ७० रुपये. सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी, चर्चगेट थेट. मरोळ नाक्याला उतरलात तर घाटकोपर-वर्सोव्याची जुनी मेट्रो-१ मिळते.

मात्र स्थानक टर्मिनलच्या आत नाही. मधलं अंतर खुर्ची ढकलत आणि सामान ओढत पार करायचं असतं. माझं मत विचाराल तर खुर्ची, एक ढकलणारा आणि पाठीवरच्या दोन बॅगा असतील तर दुपारच्या वेळी मेट्रोसारखं सुख नाही. खड्डे नाहीत, सिग्नल नाहीत. चार मोठ्या सुटकेसी आणि तीन पोरं असतील तर विचारही करू नका. कचेऱ्या सुटायच्या वेळीही नको. गाड्या सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होऊन रात्री साडेदहापर्यंत असतात. आखात-अमेरिकेची बरीच विमानं नेमकी मध्यरात्रीनंतर उतरतात, तेव्हा तिचा उपयोग नाही. गटातल्या धडधाकट तरुणांना मात्र मेट्रोने पुढे पाठवा. गाडीतली दोन सीटं मोकळी होतात आणि ते आधी पोचून घर उघडतात.

लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो, पण अंधेरी किंवा पार्ल्याच्या फलाटावर फट आणि गर्दी सांभाळून खुर्ची चढवणं हे रोजच्या सरावाचं काम आहे. नवख्याने सामानासकट त्या वाटेला जाऊ नये.

रस्ता

गिरगाव, मरीन ड्राइव्हकडे जायचं असेल तर ड्रायव्हरला सी लिंकने घ्यायला सांगा. मोटारीला एका वेळचा १०० रुपये टोल पडतो आणि पुढे कोस्टल रोड फुकट. वांद्र्यापासून जवळजवळ सिग्नल नाही. खुब्याचं दुखणं असलेल्याला प्रत्येक गचक्याला कळ येते, तिथे हे शंभर रुपये वसूल आहेत. ठाणे-वाशीच्या वेशीवरचा टोल मोटारींना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, तरी एखादा ड्रायव्हर भाड्यात तो धरतो. आधीच विचारा.

पावसाळ्यात अंधेरीचा सबवे तुंबतो. पश्चिमेला जाणार असाल तर नकाशावर ती वाट दिसली तरी पुलावरून चला, पाच मिनिटं जास्त लागू देत.

बिल्डिंगच्या दारात

सगळं पार पडून गाडी घरासमोर येते आणि लक्षात येतं की लिफ्टच्या आधी चार पायऱ्या आहेत. दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत हे हमखास. म्हणून आदल्या दिवशी घरातल्या कुणीतरी टेप घेऊन खाली जायचं. खुर्ची साधारण २४ ते २६ इंच रुंद असते. लिफ्टचं जाळीचं दार पूर्ण सरकवल्यावर किती जागा उरते ते मोजा, आणि खुर्चीमागे उभं राहायला आत माणूस मावतो का तेही बघा. मावत नसेल तर खुर्ची घडी घालून वेगळी न्यायची आणि लिफ्टमध्ये प्लास्टिकची साधी खुर्ची ठेवायची. आमच्याकडे तेच करतात.

चार पायऱ्या असतील तर खुर्ची उलटी करून, पाठ पायऱ्यांकडे ठेवून वर ओढायची. तगडा माणूस वर, मागच्या दांड्यांशी. दुसरा खाली, पुढची चौकट धरून. पायटे धरून उचलायचं नाही, ते हातात निघून येतात. चार-पाचपेक्षा जास्त पायऱ्या असतील तर हा उद्योग करू नका, आधीच दोन माणसं जास्तीची सांगून ठेवा. रात्री दोनला येणार असाल तर वॉचमनला संध्याकाळीच फोन करा. काही सोसायट्यांत रात्री लिफ्ट बंद करून किल्ली सेक्रेटरीच्या घरी ठेवतात, आणि सेक्रेटरी झोपेत फोन उचलत नाहीत.